नेफ्यातलं कुंकू

माझा नातू अमेरिकेत मिनेसोटा नावाच्या राज्यात असतो. फोनवर तो मला तिथल्या बर्फाचं सांगतो आणि मी त्याला इथल्या उन्हाचं, आणि दोघांनाही एकमेकांचं फारसं खरं वाटत नाही. परवा बोलता बोलता म्हणाला, आजी, आमच्या राज्याने झेंडा बदलला, जुना काढून नवा चांदणीवाला आणला. मी विचारलं, मग त्या घोडेस्वाराचं काय केलं? तो म्हणाला, कुठला घोडेस्वार? जुन्या झेंड्याच्या मधोमध एक गोल होता. त्यात पुढे नांगर धरलेला गोरा शेतकरी आणि मागे मावळतीकडे घोडा काढून निघालेला तिथला मूळचा माणूस. इतकी वर्षं त्या झेंड्याखालून ये-जा करून माझ्या नातवाने तो कधी धड पाहिला नव्हता, आणि इंदूरच्या म्हातारीला मात्र घोड्याच्या शेपटीसकट पाठ होता. तुला कसं माहीत, असं त्याने दोनदा विचारलं. मी म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही ते. म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही तेव्हा बडा गणपतीजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत राहत होतो. आई, अण्णा आणि मी, एवढेच. खालून दिवसभर गुळाचा आणि शेंगदाणा तेलाचा वास वर यायचा, पहाटे मिलचा भोंगा व्हायचा, आणि भोंग्याच्या आधी आईचा खोकला. तिला दमा होता. माझी झोप भोंग्याने मोडली असं मला आठवतच नाही. आधी तिचा श्वास ऐकू यायचा, भाता ओढल्यासारखा, मग ती उठून उशाशी बसायची आणि चूल पेटवायच्या आधी बराच वेळ नुसती भिंतीकडे बघायची. वैद्यबुवा म्हणायचे की इंदूरची कोरडी हवा आहे म्हणून निभतंय, ओलीत गेलात तर अवघड. हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं होतं की त्याची भीती वाटेनाशी झाली होती. ओलीत जायचं कोणाच्या मनातही नव्हतं.

अण्णा संस्थानाच्या निशाणखान्यात होते. आता हे खातं कोणाला सांगूनही कळत नाही. राजवाड्यावरचं, कचेऱ्यांवरचं, दसऱ्याच्या स्वारीत हत्तीवर चालायचं, अशी सगळी निशाणं तिथे शिवली जात, वाळवली जात, कडुनिंबाचा पाला घालून पेट्यांत ठेवली जात. आमचे आजोबा तेच करत आणि त्यांचे वडीलही. पेशव्यांच्या वेळी घोड्यावरून निशाण घेऊन माळव्यात आलेलं आमचं घराणं, पुढे घोडा गेला, सुई-दोरा राहिला, असं अण्णा हसून सांगत. त्यांचे नियम मात्र घोड्यावरचेच होते. निशाण जमिनीला टेकू द्यायचं नाही. त्याला पाय लागू द्यायचा नाही. फाटलं, विटलं तरी त्याचं फडकं करायचं नाही, मानाने अग्नीला द्यायचं. आणि नवं निशाण पहिल्यांदा बाहेर पडायच्या आधी सवाष्णीने त्याला हळदीकुंकवाचं बोट लावायचं. हे बोट वर दिसेल असं नाही. काठी घालायला कापडाची जी कड दुमडून शिवतात, त्या नेफ्याच्या आत लावायचं. एकदा काठी आत गेली की ते कोणाला दिसत नसे आणि दिसायची गरजही नव्हती. निशाण पूजेशिवाय घराबाहेर जात नाही, असं ते म्हणत, आणि ते बोट आधी आजी लावायची, नंतर आई.

मग संस्थान गेलं. शेवटचं निशाण उतरवायला अण्णाच होते. आई एवढंच सांगायची की घरी आले, हातपाय धुतले आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना बांधकाम खात्यात कारकुनाची जागा मिळाली. मध्यभारत झाला, तोही गेला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. मग इंदुरातल्या कचेऱ्या एकेक करून उचलायला लागल्या. आज या खात्याची कपाटं ट्रकवर चढली, उद्या त्या. आमच्या ओळखीची मराठी घरं जुनी भांडी विकून भोपाळला जात होती. अण्णांच्या खात्याची पाळी दिवाळीनंतर येणार हे नक्की झालं. आईने ऐकलं आणि पदराने तोंड पुसलं, बस्स. भोपाळला तळं आहे आणि थंडीत तळ्यावरून वारा येतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

अशा दिवसांत माथुर साहेब आमच्या जिन्यावरून धापा टाकत वर आले. एका कॉलेजात ते इतिहास शिकवत. गोरेपान, पान खाणारे, बोलायला फार गोड. अमेरिकेहून काही पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी कॉलेजात प्रदर्शन होतं, आणि त्यात अमेरिकेतल्या डझनभर राज्यांची निशाणं खरी, कापडाची करून लावावी असं त्यांच्या मनात आलं होतं. कोणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. पुस्तकातली रंगीत चित्रं त्यांनी आणली होती. जाताना दाराशी थांबून म्हणाले, ‘राव साहब, कॉलेज में म्यूज़ियम का कमरा बन रहा है. कपड़े-झंडे सँभालनेवाला आदमी चाहिए. काम अच्छा हो गया तो मैं प्रिंसिपल साहब से खुद बोलूँगा.’ म्हणजे इंदुरातच नोकरी. भोपाळ नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने तिथूनच मला डोळ्यांनी सांगितलं की साहेबांना चहा ठेव.

ते दोन-अडीच महिने आमच्या घरातले शेवटचे चांगले दिवस. बाहेर पाऊस, आत शिलाईचं मशीन, आणि संध्याकाळी आई भुट्ट्याचा कीस करायची, वर खोबरं आणि लिंबू. तो खाताना अण्णा हात लांब धरून बसत, कापडाला तुपाचा डाग नको म्हणून, आणि आई त्यांना लहान मुलासारखं चमच्याने भरवायची. मी लाजून दुसरीकडे बघायची. कापड मिलचं, बारीक पोताचं, अण्णांनी स्वतः निवडून आणलेलं. कापण्याआधी ते प्रत्येक निशाणाचा अर्थ माथुर साहेबांकडून समजून घेत. अर्थ कळल्याशिवाय कात्री लावायची नाही हाही निशाणखान्यातलाच शिरस्ता. मग मशीनवर बसल्या बसल्या ते आम्हाला सांगत. टेक्सासचा तारा एकटा का, तर ते काही काळ स्वतंत्र राज्य होतं. मोठ्या देशात मिळालं, पण आपलं निशाण बरोबर घेऊन मिळालं. हे सांगताना अण्णांचा पाय मशीनवर थांबला होता. हवाई नावाच्या बेटांवर राजा होता, तो गेला, पण निशाण तेच राहिलं, कोपऱ्यातल्या इंग्रजांच्या झेंड्यासकट. ‘इंग्रजाचा तुकडासुद्धा ठेवला त्यांनी,’ अण्णा म्हणाले, ‘आपल्याला कोणी विचारलंही नाही.’ आई म्हणाली, पुरे आता, सुई तुटेल.

अलास्काचं मला सगळ्यांत आवडायचं. गर्द निळ्यावर सोनेरी सप्तर्षी आणि कोपऱ्यात ध्रुव. ते एका तेरा वर्षांच्या पोरक्या मुलाने काढलेलं, शाळेतल्या मुलांच्या स्पर्धेत. मी तेव्हा साधारण तेवढीच होते, त्यामुळे मला उगीचच मान मिळाल्यासारखं वाटलं आणि त्या चांदण्या मीच कापायचा हट्ट धरला. ऱ्होड आयलंडचं निशाण पांढरंशुभ्र, मध्ये सोनेरी नांगर, जहाजाचा, आणि खाली निळ्या फितीवर चार इंग्रजी अक्षरं. ती मी भरली, कारण घरात इंग्रजी शिकत होते ती मीच. आईने विचारलं काय लिहिलंय. मी म्हटलं, आशा. तिने ती फीत हातात घेऊन उलटीकडून टाके बघितले आणि म्हणाली, उलट बाजू जरा गबाळी झालीय, पण चालेल. मिनेसोटाच्या गोलाला अण्णांनी सगळ्यांत जास्त वेळ लावला. शेतकरी पटकन झाला, घोडेस्वार होईना. तो कुठे चाललाय, असं त्यांनी माथुर साहेबांना विचारलं होतं. साहेब म्हणाले, सूर्यास्ताकडे, त्याची जमीन आता ह्याची झाली ना. त्या रात्रीपासून अण्णा त्या घोडेस्वाराचं तोंड उसवून पुन्हा भरत. शेवटी त्यांनी त्याला पाठमोराच ठेवला.

दसऱ्याच्या आसपास निशाणं तयार झाली. न्यायला माणूस येणार त्या सकाळी अण्णांनी आंघोळ करून सगळी निशाणं पाटावर रचली आणि आईला हाक मारली. तिने विचारलं, ‘अहो, ही त्यांची आहेत. लावायचं का ह्यांना?’ अण्णा म्हणाले, ‘निशाण पूजेशिवाय घराबाहेर जात नाही. लाव.’ तिने करंडा आणला, हळदीत आणि कुंकवात बोट बुडवलं आणि एकेक नेफा उघडून आत बोट टेकवत गेली, वरच्या टोकाशी, नेहमीच्या जागी. हात जोडले. मीही जोडले. मग अण्णांनी प्रत्येकाची घडी घातली, कोपरे आत, नेफा वर, आणि गाठोडं शिपायाच्या डोक्यावर नीट बसेपर्यंत त्याच्याबरोबर जिना उतरले.

आता जे झालं ते सांगायला वेळ लागत नाही. कॉलेजात काठ्या नव्हत्याच. निशाणं फळ्यांवर ताणून, टाचण्या मारून लावायची होती, आणि नेफ्याने कड फुगते म्हणून तिथल्या कोणीतरी सगळे नेफे उसवले. आतले डाग दिसले, तेव्हा ते काढायला निशाणं सोड्याच्या पाण्यात भिजवली. हळदीला सोडा लागला की काय होतं ते कुठल्याही बाईने सांगितलं असतं, पण तिथे बाई नव्हती. निळ्यावर फारसं कळलं नाही. पांढऱ्यावर आणि पिवळ्यावर लाल ओघळ पसरले. पाहुणे प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सहज बघायला आले, त्यांतल्या एकाने विचारलं, आमच्या राज्यांच्या झेंड्यांना हे रक्त कोणी लावलं, आणि कशाबद्दल? माथुर साहेबांनी सगळी निशाणं उतरवली आणि तिथे पुस्तकातली चित्रंच चिकटवून टाकली.

हे आम्हाला त्यांनीच येऊन सांगितलं, त्याच दुपारी. गाठोडं शिपायाने दाराशी ठेवलं, जमिनीवर, आणि अण्णांनी पटकन पुढे होऊन ते उचलून खाटेवर घेतलं. साहेब रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘राव साहब, मैं तो समझता हूँ, पूजा है. पर उनको क्या समझाऊँ? यह किया किसने?’ अण्णा गाठोड्यावर हात ठेवून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत होते. ते खिडकीकडे बघायला लागले. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, डोक्यावर पदर घेतलेला, आणि तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली, ‘मैंने किया, साहब. इनको मालूम नहीं था.’ साहेबांनी मान हलवली, बायका अशा असायच्याच अशी, आणि म्यूझियमच्या जागेचं आता जरा पुढे बघू म्हणाले. चहा झाला होता, तो त्यांनी अर्धा घेतला.

तिने ते अण्णांची जागा वाचवायला म्हटलं, हे मला कळत होतं. बाईमाणसाची चूक ठरली तर कारकुनाला पुन्हा विचारतील, एवढा तिचा हिशेब. पण अण्णा गप्प राहिले. ज्यांच्या हुकुमाने ते बोट लागलं ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला त्यांचा राग आला. आजही, मी त्यांच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी झाल्यावरही, ती खिडकी आठवली की येतो. संध्याकाळी आईने नेहमीसारखी पोळ्यांची कणीक मळली. मळता मळता उजव्या हाताचं ते बोट ती थोडा वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, ह्याच बोटाने घालवलं बघ इंदूर. अण्णा पलीकडच्याच खोलीत होते. त्यांना ऐकू गेलं असणार.

दिवाळीनंतर आम्ही भोपाळला गेलो. नव्या वसाहतीतलं क्वार्टर, भिंतींचा गिलावा अजून ओला, हात लावला की गार. निशाणांचं गाठोडं ट्रंकेत तळाशी होतं. ती परत करायची कोणाला, जाळायची कोणाच्या हुकुमाने, हे अण्णांना ठरवता येईना. इंदूरचं सगळं मागे राहिलं, भोंगा राहिला, गुळाचा वास राहिला, आणि अमेरिकेची ती राज्यं तेवढी आमच्याबरोबर आली. तळ्यावरून वारा यायला लागला तशी आई अंथरुणाला खिळली. तिला बसूनच झोपावं लागे. थंडीने कुडकुडायची, पण रजई अंगावर घेतली की छातीवर ओझं होऊन श्वास कोंडायचा आणि ती रजई ढकलून द्यायची. मी तिचे पाय चोळत बसायची. शाळेत माझं नावच घातलं नव्हतं अजून. अण्णा कचेरीतून आले की दारात उभे राहून तिचा श्वास ऐकत आणि मग आत येत.

एका रविवारी जेवणं झाल्यावर अण्णांनी ट्रंक उघडली. निशाणं काढून खाटेवर पसरली आणि मशीनवरचं झाकण काढलं. मला वाटलं, डाग काढून बघताहेत. त्यांनी टेक्सास आणि हवाई शेजारी धरले आणि मशीन चालवलं. मग कॅलिफोर्नियाचं अस्वल, मग सप्तर्षी. ज्या माणसाने फाटक्या निशाणाचं कधी फडकं होऊ दिलं नाही, तो पूजलेली निशाणं एकाला एक जोडून गोधडी शिवत होता. एक थर खाली, एक वर, मध्ये काही नाही. कापड मऊ, हलकं. मी हातशिलाईचे टाके घालायला बसले, त्यांनी नको म्हटलं नाही. सगळ्या निशाणांच्या उसवलेल्या कडा त्यांनी एका बाजूला घेतल्या होत्या, त्यामुळे लाल डाग गोधडीच्या एकाच काठाला ओळीने आले.

उन्हं कलायच्या सुमाराला झाली. त्यांनी ती आईच्या अंगावर घातली, आणि घाईत ती डागांची कड तिच्या पायांकडे गेली. आई म्हणाली, ‘उलटी घाला हो. कुंकवाची बाजू पायाशी नको.’ अण्णांनी गोधडी उचलली, फिरवली, कड तिच्या गळ्यापर्यंत आणली. वाकलेले होते तसेच राहिले आणि म्हणाले, ‘बोट तुझं होतं. हुकूम माझा होता. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.’ आई म्हणाली, ‘मला काय माहीत नव्हतं का?’ आणि गोधडीचा काठ हनुवटीखाली ओढून घेतला. ती गोधडी तिला सोसली. छातीवर ओझं होत नव्हतं. पुढचे आठवडे ती त्याच गोधडीखाली होती, मिनेसोटाचा गोल तिच्या गुडघ्यांवर. मी पाय चोळायला बसले की तो घोडेस्वार माझ्या डोळ्यांसमोर असे. म्हणून मला तो पाठ आहे.

संक्रांतीच्या आधी ती गेली. शेजारच्या मराठी बायका आल्या, त्यांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. अंथरूण-पांघरूण गोळा करून एकीने बाहेर टाकायला काढलं, त्यात गोधडीही होती. अण्णांनी ती तिच्या हातातून घेतली आणि आईच्या अंगावर घातली. कोणीतरी वडीलधारा म्हणाला, राव, कोरं कापड लागतं, वापरलेलं नाही चालत, त्यातून हे असलं रंगीबेरंगी. अण्णांनी माझ्याकडे हात केला. मी करंडा दिला. पुरुषांनी हे करायचं नसतं, ते सवाष्णीचं काम, आणि आमच्या घरात आता सवाष्ण नव्हती. त्यांनी हळदीत आणि कुंकवात बोट बुडवलं आणि गोधडीच्या काठाला, जुन्या लाल डागांच्या शेजारी, वरून, सगळ्यांना दिसेल असं टेकवलं. मग तिला उचलायला माणसं पुढे झाली. निशाण पूजेशिवाय घराबाहेर जात नाही, एवढंच ते म्हणाले, आणि ते त्या माणसांना कळलं नाही.